प्रकल्पवहीतला हुतात्मा

गेल्या वर्षी अकरावीच्या इतिहासाच्या प्रकल्पासाठी मी मुलांना ‘आपले गाव आणि हैदराबाद मुक्तिसंग्राम’ हा विषय दिला होता. परभणी जिल्ह्यातले आमचे कनिष्ठ महाविद्यालय तालुक्याच्या गावी आहे आणि बहुतेक मुले आसपासच्या खेड्यांतून एसटीने येतात, त्यामुळे वीस-पंचवीस गावांच्या आठवणी या निमित्ताने कागदावर येतील अशी माझी अपेक्षा होती. एका मुलाच्या वहीत त्याच्या गावच्या हुतात्म्याची दीड पानाची हकीकत निघाली. त्यात हुतात्म्याचे संपूर्ण नाव होते, रझाकारांशी झालेल्या झटापटीची तारीख होती, अखेरच्या क्षणी त्याने दिलेल्या घोषणेचाही उल्लेख होता. वाचताना मला थोडी लाजच वाटली, कारण त्या गावापासून दहा किलोमीटरवर मी लहानाचा मोठा झालो आणि हे नाव कधी कानावर आले नव्हते. पुढच्या रविवारी मी त्या गावी गेलो, पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारले, आणि असा माणूस त्या गावात कधी झालाच नव्हता हे अर्ध्या तासात स्पष्ट झाले. मुलगा खोटारडा नव्हता. त्याने मोबाईलवरच्या एका चॅटबॉटला प्रश्न विचारला होता आणि आलेले उत्तर सुवाच्य अक्षरात उतरवून काढले होते. अधिक काळजीची गोष्ट अशी की, तो मजकूर गावातल्या एका पुढाऱ्याने व्हॉट्सॲपवर मागवून घेतला होता आणि १७ सप्टेंबरच्या ध्वजवंदनाच्या भाषणात त्या न झालेल्या हुतात्म्याला अभिवादन होण्याच्या बेतात होते.

हे यंत्र काम कसे करते हे समजून घेतल्याशिवाय या प्रसंगाचा उलगडा होत नाही. चॅटबॉटच्या पोटात अफाट मजकूर गेलेला असतो आणि त्या मजकुरावरून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक आहे याचा हिशेब करून तो वाक्ये जुळवतो. भारतीय फौजांची कारवाई १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झाली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली, हे तो बहुधा बिनचूक सांगेल, कारण ते हजारो ठिकाणी लिहिलेले आहे. गोदावरीकाठच्या एखाद्या हजार-दीड हजार वस्तीच्या खेड्यात त्या काळात काय घडले हे मात्र कोठेच लिहिलेले नसते. अशा वेळी ‘ठाऊक नाही’ असे म्हणण्याऐवजी यंत्र बऱ्याचदा हुतात्म्यांच्या इतर चरित्रांच्या वळणावर एक नवे चरित्र घडवून देते. अलीकडचे चॅटबॉट इंटरनेटवर शोध घेऊन उत्तर देतात आणि क्वचित आपले अज्ञान कबूलही करतात. पण जे इंटरनेटवर चढलेलेच नाही ते शोधून सापडणार कोठून? ज्या प्रदेशाविषयी लिखाण कमी, त्या प्रदेशाविषयी यंत्राची थाप अधिक, असे हे साधे गणित आहे, आणि मराठवाड्याच्या बाबतीत ते आपल्या विरुद्ध जाणारे आहे. पुण्या-मुंबईच्या मुलाला जेवढा धोका आहे त्याहून आमच्या मुलाला तो जास्त आहे, ही गोष्ट या विषयावरच्या चर्चेत क्वचितच ऐकू येते.

एवढे सांगितल्यावर मी या यंत्राच्या विरोधात आहे असा वाचकाचा समज होईल, म्हणून दुसरा प्रसंग सांगतो. माझा पुतण्या दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकला आणि मग विज्ञान शाखेत गेला. आपल्याकडे दहावीपर्यंत विज्ञान मराठीत आणि अकरावीला एकदम इंग्रजीत अशी जी दरड कोसळते, तिच्याखाली दरवर्षी किती मुले सापडतात ते शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. शिकवणीला लातूरला पाठवण्याची ऐपत सगळ्यांची नसते आणि ज्यांची असते त्यांच्याही मुलांना तिथल्या मोठ्या वर्गात हात वर करून शंका विचारण्याचे धाडस होत नाही. एका रात्री हा पोरगा ‘टॉर्क’ या शब्दापाशी अडला होता. पुस्तकातली इंग्रजी व्याख्या त्याने पाठ केली होती, पण ती त्याच्या डोक्यात उतरत नव्हती. त्याने चॅटबॉटला मराठीत विचारले. उत्तरात ‘बलआघूर्ण’ असा शब्द आला, तो त्याला टॉर्कहूनही परका. त्याने पुन्हा विचारले, सोपे करून सांग म्हणाला, मग दाराचे उदाहरण आले: बिजागरीजवळ ढकलले तर दार जड जाते, कडेला ढकलले तर हलके. तो थोडा वेळ स्क्रीनकडे बघत बसला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘काका, म्हणजे पान्याला पाईप घालून नट खोलतेत तसंच की!’’ विहिरीवरच्या मोटारीचा गंजलेला नट त्याने बापाबरोबर कितीदा तरी तसा खोलला होता. यंत्राला पाना माहीत नव्हता आणि पुस्तकाला तो पोरगा माहीत नव्हता. दोहोंच्या मध्ये जी उडी होती ती त्याने स्वतः मारली. पण त्या उडीपर्यंत पोचण्यासाठी त्याने सात वेळा प्रश्न विचारला होता, आणि रात्री साडेदहा वाजता सात वेळा न चिडता उत्तर देणारा माणूस आमच्या घरात नव्हता. मीही नव्हे, हे कबूल केले पाहिजे.

एकेका विद्यार्थ्याला एकेक शिक्षक मिळाला तर काय होईल, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये मांडले होते. एकास एक शिकवणी मिळालेला सर्वसाधारण विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्या अभ्यासांत एवढा मोठा फरक क्वचितच आढळला, तरी दिशा तीच राहिली. चॅटबॉटच्या समर्थकांचे सगळे स्वप्न या एका निष्कर्षावर उभे आहे: जी शिकवणी आजवर श्रीमंताच्या मुलाला मिळत होती ती आता सालगड्याच्या मुलीलाही मिळेल. या स्वप्नाची टिंगल मला करवत नाही. एका वर्गात ऐंशी मुले कोंबलेली असताना कोणाला काय कळले नाही हे शोधण्याचा वेळ माझ्यापाशी नसतो, आणि ते खापर मी त्या यंत्रावर फोडू शकत नाही.

मात्र शिकवणी आणि उत्तरपुरवठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळी मेख तिथे आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक विद्यालयात सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. गणिताच्या सरावाच्या वेळी काही मुलांना साधा चॅटबॉट दिला, काहींना असा चॅटबॉट दिला की जो उत्तर न सांगता फक्त पुढच्या पायरीची खूण देईल, आणि काहींना नेहमीप्रमाणे वही-पुस्तकच दिले. सराव करताना साध्या चॅटबॉटवाल्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी आणि खुणा देणाऱ्या चॅटबॉटवाल्यांची १२७ टक्क्यांनी सुधारली. नंतर यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा साधा चॅटबॉट वापरलेली मुले, ज्यांनी यंत्र कधी पाहिलेच नव्हते त्यांच्यापेक्षा, १७ टक्क्यांनी मागे पडली. खुणा देणाऱ्या यंत्रामुळे हे नुकसान जवळजवळ टळले, पण परीक्षेत त्या मुलांचा विशेष फायदाही दिसला नाही. आणि सर्वांत अस्वस्थ करणारी बाब म्हणजे, आपण कमी शिकलो याची त्या मागे पडलेल्या मुलांना जाणीवच नव्हती. सायकल शिकताना मागून कोणी धरलेले असावे आणि आपल्याला वाटावे की आपणच चालवतो आहोत, तशातली ही गत.

हा प्रयोग वाचल्यावर मला आपल्याकडची गाईडे आठवली. मराठवाड्यात दोन पिढ्या गाईडांवर पोसल्या गेल्या. पाठ्यपुस्तक कोरे करकरीत राहते आणि गाईडाची पाने सुटी होतात, हे दृश्य आमच्या भागातल्या कोणत्याही घरात दिसेल. परीक्षेच्या दिवसांत केंद्राच्या भिंतीवर चढणारी माणसे, खिडकीतून आत जाणाऱ्या चिठ्ठ्या आणि त्यावर दरवर्षी निघणारे कॉपीमुक्तीचे फर्मान हेही आम्हाला नवीन नाही. या सगळ्याच्या मुळाशी एकच समजूत आहे: उत्तर ही शिक्षणाची किंमत आहे, ते कोठून आले याला महत्त्व नाही. या समजुतीच्या हाती चॅटबॉट पडला की तो आजवरच्या सर्व गाईडांचा बाप ठरतो, कारण तो फुकट आहे, कोणत्याही प्रश्नाला तयार आहे आणि दर वेळी शब्द बदलून देतो म्हणून पकडलाही जात नाही. म्हणून मला या यंत्रापेक्षा आपल्या प्रश्नपत्रिकेची भीती अधिक वाटते. ज्या प्रश्नाचे उत्तर चॅटबॉट दोन सेकंदांत देतो आणि पूर्ण गुण मिळवतो, तो प्रश्न चॅटबॉट येण्यापूर्वीही विचारण्याच्या लायकीचा होता का, हे आम्ही शिक्षकांनी स्वतःला विचारले पाहिजे.

बंदीचा मार्ग करून पाहिला गेला आहे. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसमोर आले आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या शाळांनी आपल्या संगणकांवर ते बंद केले; मे महिन्यात ती बंदी उठवली. यंत्राने लिहिलेला मजकूर यंत्रानेच ओळखावा हा उपायही फसला. असे ओळखण्याचे एक साधन खुद्द चॅटजीपीटीच्या निर्मात्या ओपनएआय कंपनीने काढले होते, ते अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. स्टॅनफर्डमधील संशोधकांना तर असे दिसले की, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या इंग्रजी निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध ही साधने यंत्राचे ठरवतात. साधी, मोजकी, पुस्तकी इंग्रजी लिहिणारा आमचा जिंतूरचा किंवा केजचा मुलगा अशा साधनापुढे उभा केला तर प्रामाणिक असूनही चोर ठरेल. तेव्हा तो रस्ता बंद समजावा.

राहिला भाषेचा प्रश्न, आणि इथे मराठवाड्याने थोडे मागे वळून पाहिले पाहिजे. माझे आजोबा निजामाच्या राजवटीत शिकले. घरात मराठी, शाळेत उर्दू. हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचे माध्यम उर्दू होते आणि त्यासाठी आधुनिक शास्त्रांची पुस्तके उर्दूत करवून घेणारा स्वतंत्र अनुवाद विभागही संस्थानाने चालवला होता. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, पण मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी ती भाषाही परकीच होती. आजोबांना भूमितीचे सिद्धांत उर्दूत तोंडपाठ होते. त्यांचा अर्थ त्यांना पुढे शेत मोजताना कळला, असे ते हसत हसत सांगत. परक्या भाषेत शिकणाऱ्याला पाठांतराशिवाय गत्यंतर नसते. त्या दृष्टीने पाहिले तर मराठीत विचारावे आणि मराठीत उत्तर मिळावे ही सोय आमच्या मुलांसाठी फार मोठी आहे. यंत्रांच्या मराठीतही वेगाने फरक पडतो आहे. ही यंत्रे मजकुराचे ‘टोकन’ नावाचे लहान तुकडे करून काम करतात आणि आपल्या लिपीचे तुकडे इंग्रजीच्या मानाने फार पडत, त्यामुळे मराठीतले काम खर्चिक पडे. मे २०२४ मधल्या एका आवृत्तीच्या वेळी ओपनएआयने दिलेल्या नमुन्यात ज्या मराठी मजकुराचे आधी ९६ तुकडे होत, त्याचे ३३ होऊ लागले.

परंतु या मराठीचे रूप कसे आहे? विद्यार्थ्यांच्या वह्यांत गेल्या दोन वर्षांत ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’ हा प्रयोग इतका वाढला आहे की, शेतीत पाऊसही भूमिका बजावतो, घरात आईही बजावते आणि इतिहासात स्वामी रामानंद तीर्थही बजावतात. व्याकरण निर्दोष, शुद्धलेखन आमच्यापेक्षा बरे, पण वाक्याच्या तळाशी इंग्रजी. वखराची ‘पाळी’ म्हणजे काय (शेतात वखर फिरवण्याची एक फेरी) हे एका मुलीने एका चॅटबॉटला विचारले तेव्हा तिला मासिक पाळीच्या आरोग्याविषयी चार परिच्छेदांचे सविस्तर मार्गदर्शन मिळाले. वर्गात हशा पिकला. पण तिच्या आजीच्या तोंडी रोज असणारा शब्द यंत्राला ठाऊक नाही आणि यंत्राचा शब्द मात्र तिच्या वहीत येतो, ही एकमार्गी वाहतूक काही वर्षे चालू राहिली तर ‘पाळी’, ‘औत’, ‘धुरा’, ‘बलुतं’ हे शब्द मुलांना अशुद्ध वाटू लागतील. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचे फटाके आमच्याकडेही वाजले. विद्यापीठांनी त्या उत्साहातला थोडा भाग बोलीचे शब्द आणि गावोगावच्या आठवणी लिहून, तपासून, सर्वांना मिळतील अशा ठेवण्याकडे वळवला, तर मुलांना उपयोग होईलच, शिवाय यंत्राच्या थापाही कमी होतील.

हे यंत्र पोचते कोणापर्यंत, हेही पाहायला हवे. ग्रामीण शिक्षणाचा देशभर आढावा घेणाऱ्या ‘असर’ या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले, मागच्या आठवड्यात शिक्षणाशी संबंधित कामासाठी तो वापरणारी ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के होती. पण वापरता येणे आणि हातात असणे यांत अंतर आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबात दसऱ्यानंतर आईबाप पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर जातात, मुले आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, आणि घरातला एकुलता एक चांगला फोन बापाच्या खिशात फडावर जातो. ज्या मुलीला रात्री शंका विचारायला सर्वाधिक गरज आहे तिच्यापाशी त्या वेळी फोन नसतो. भावाला आधी आणि बहिणीला उरला तर, हा नियमही अजून मोडलेला नाही.

वयाचा आणि खासगीपणाचा मुद्दा थोडक्यात सांगतो. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेत वर्गातल्या वापरासाठी किमान १३ वर्षांची मर्यादा सुचवली आहे आणि आपल्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे. तरीही शाळकरी मुले आईच्या नंबरावरून खाते उघडून घरातली भांडणे आणि कर्जाच्या गोष्टी या यंत्राला सांगत असतात. १९६६ साली एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाम यांनी बनवलेला ‘एलायझा’ नावाचा गप्पा मारणारा अगदी बाळबोध संगणक-प्रोग्रॅमही लोकांना मन मोकळे करायला पुरत असे आणि त्याने त्याचा निर्माताच अस्वस्थ झाला होता. आजचे यंत्र तर गोडबोले आहे. सातवीपर्यंतच्या मुलाच्या हाती ते एकट्याने देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मग वर्गात करायचे काय? मी माझ्यापुरते एक केले. त्या हुतात्म्याच्या प्रकरणानंतर प्रकल्पाचे २० गुण वहीवर देणे बंद केले आणि प्रत्येक मुलाला समोर बसवून पाच मिनिटे प्रश्न विचारले. ऐंशी मुलांचे चारशे मिनिटे, म्हणजे चाळीस मिनिटांच्या दहा तासिका झाल्या. अभ्यासक्रम तेवढा मागे पडला, हे खरे. पण ‘हे तुला कोणी सांगितले?’ या एका प्रश्नाने जे काम केले ते कोणत्याही यंत्राने केले नसते. चॅटबॉट वापरला असेल तर खुशाल सांगावे, त्याचे गुण कापणार नाही. मात्र त्याने सांगितलेल्यातले एक तरी वाक्य गावात जाऊन तपासलेले असावे, एवढीच अट घातली. हुतात्मा शोधणारा मुलगा पुन्हा गावात फिरला आणि त्याने हुतात्म्याऐवजी वेगळेच काही आणले: रझाकारांच्या भीतीने ते अख्खे गाव काही महिने वऱ्हाडात पाहुण्यारावळ्यांकडे जाऊन राहिले होते आणि परत आल्यावर लोकांना आपल्याच घरांची कवाडे सापडली नव्हती. हे इंटरनेटवर कोठेही नाही. पाच मिनिटांऐवजी तो पंधरा मिनिटे बोलला.

शिक्षकाच्या हाती हे यंत्र असावे, याबद्दल मला शंका नाही. एकाच धड्यावर तीन वेगवेगळ्या कुवतींच्या मुलांसाठी प्रश्न काढणे, नकाशाखालच्या टिपा सोप्या करणे, यंत्राचे चुकलेले उत्तर फळ्यावर लिहून मुलांकडून चुका शोधून घेणे ही कामे मी त्याच्याकडून करवतो. वरिष्ठ कार्यालयांना पाठवायचे अहवालही त्याने लिहावेत, कारण ते वाचणाराही कोणी माणूस नसावा अशी मला बऱ्याच वर्षांपासून शंका आहे. भीती आहे ती वेगळीच. आमच्याकडे भौतिकशास्त्राची जागा कित्येक वर्षे रिकामी आहे, तासिका तत्त्वावरचा तरुण दिवाळीनंतर दुसरीकडे गेला, आणि मागच्या बैठकीत अशी सूचना आली की जागा भरेपर्यंत मुलांना चॅटबॉटवर शिकू द्यावे. भरेपर्यंत म्हणजे कधीपर्यंत, असे मी विचारले. पुतण्याला मदत करणारे यंत्र शिक्षकाच्या रिकाम्या खुर्चीवर बसवण्याला माझा विरोध आहे आणि तो इतिवृत्तात नोंदवावा, असे मी उभे राहून सांगितले. आठवड्याने इतिवृत्त सहीसाठी आले. ते चॅटबॉटकडून लिहून घेतलेले होते, आणि त्यात सातव्या क्रमांकावर लिहिले होते की, इतिहास विभागाच्या सरांनी या अभिनव उपक्रमाचे स्वागत करून काही उपयुक्त सूचना केल्या.